एका अंड्यातून देह कसा घडतो?

घरात पिकलेली केळी दोन दिवस राहिली की त्यांच्याभोवती बारीक चिलटे घोंघावू लागतात. आपण ती हाताने हाकलतो, केळ्यांवर टोपली झाकतो आणि विसरून जातो. पण या चिलटांच्याच एका जातीने, जिला शास्त्रज्ञ ड्रॉसोफिला म्हणतात, जनुकशास्त्राला जेवढे शिकवले तेवढे दुसऱ्या एखाद्या प्राण्याने क्वचितच शिकवले असेल. या चिलटाचे अंडे अर्धा मिलिमीटर लांबीचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. अशा अंड्यांत वाढणारे गर्भ हजारोंच्या संख्येने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून एका जर्मन विदुषीने देहाच्या घडणीचे कोडे उलगडत नेले. त्यांचे नाव डॉ. क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड. १९९५ साली त्या, त्यांचे सहकारी एरिक विशाउस आणि अमेरिकेतील ज्येष्ठ जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुइस या तिघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वैद्यकशास्त्रातील हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या जर्मन महिला होत.

कोडे काय होते ते आधी सांगतो. आईच्या पोटात गर्भ राहतो तेव्हा तो एकच पेशी असतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढत जातात. या सर्व पेशींमध्ये जनुकांचा संच जवळजवळ तोच असतो. मग काही पेशींचे डोके, काहींचे हात, काहींचे काळीज का होते? कुणी कुठे काय व्हायचे हे त्यांना कोण सांगते?

आणि याच कोड्याला चिकटलेला दुसरा प्रश्न आहे. तो प्रयोगशाळेतला नाही, घरातला आहे. एखादे मूल जास्तीच्या बोटाचे, फाटलेल्या ओठाचे किंवा अपुऱ्या हातापायांचे जन्मले, तर चुकले कुठे? या प्रश्नाचे उत्तर माहीत नसले की माणसे पहिले बोट आईकडे दाखवतात. म्हणून हे संशोधन आम्ही आमच्या परीने समजून घेतले आणि वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

युद्धकाळात जन्मलेली मुलगी

क्रिस्टियानेबाईंचा जन्म २० ऑक्टोबर १९४२ रोजी जर्मनीतील माग्देबुर्ग शहरात झाला. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. वडील वास्तुरचनाकार. पाच भावंडांत या दुसऱ्या. बालपण फ्रँकफुर्टमध्ये गेले. लहानपणापासून झाडे आणि प्राणी यांचे वेड होते. पण शाळेतल्या अभ्यासात त्या नेहमी पुढे होत्या असे नाही. डॉक्टर व्हावे का, हे ठरवण्यासाठी त्यांनी एका रुग्णालयात महिनाभर परिचारिकेचे काम करून पाहिले आणि आपली वाट ही नव्हे असे ठरवले. पुढे फ्रँकफुर्ट विद्यापीठात जीवशास्त्र, मग भौतिकशास्त्र असे करत त्या ट्युबिंगेन येथे नव्याने निघालेल्या जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमाला गेल्या. १९७३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्यांचा तोवरचा विषय सूक्ष्म रेणूंचा होता. त्यात राहिल्या असत्या तर रस्ता सरळ होता. पण एक पूर्ण जीव कसा घडतो हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. म्हणून तिशी उलटल्यावर त्या स्वित्झर्लंडमधील बाझल येथे प्रा. वॉल्टर गेहरिंग यांच्याकडे गेल्या आणि चिलटे पाळायला शिकल्या. तिथेच त्यांची गाठ अमेरिकन तरुण एरिक विशाउस यांच्याशी पडली.

चिलटच का?

चिलट निवडण्यामागे हिशेब होता. दुधाच्या बाटलीत थोडे खाद्य घातले की शेकडो चिलटे पोसता येतात. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला सुमारे दहा दिवस लागतात, म्हणजे वर्षभरात कितीतरी पिढ्या पाहता येतात. अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन यांनी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचे चिलट हेरले आणि त्यातून जनुके गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध होत गेले. त्याबद्दल त्यांना १९३३ चे नोबेल मिळाले.

नंतर कॅलिफोर्नियात एडवर्ड लुइस यांनी आयुष्यभर एकाच प्रकारच्या चिलटांचा पिच्छा पुरवला. साध्या चिलटाला दोन पंख असतात. त्यांच्या मागे तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गुंड्या असतात. लुइस यांच्याकडे जनुकांतील बदलांमुळे गुंड्यांच्या जागी आणखी दोन पंख फुटलेली, चार पंखांची चिलटे तयार झाली. म्हणजे शरीराचा एक पूर्ण भाग आपण कोण हे विसरला होता आणि शेजाऱ्यासारखा वागत होता. १९७८ साली त्यांनी दाखवले की हा ठावठिकाणा सांगणारी जनुके गुणसूत्रावर एका ओळीत असतात आणि शरीराचे भागही त्याच क्रमाने असतात. गुंडीचा पंख होऊ न देणाऱ्या याच जनुकावर आपल्या देशातही मोलाचे काम झाले आहे. प्रा. एल. एस. शशिधर यांनी हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये आणि पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत त्याचा अभ्यास केला.

पण लुइस यांचा अभ्यास शरीराचे भाग पडल्यानंतरचा होता. मुळात भाग पडतात कसे, हे कुणालाच माहीत नव्हते. तिथून क्रिस्टियानेबाई आणि विशाउस यांचे काम सुरू होते.

एका टेबलावर दोघे

१९७८ साली दोघांना हायडेलबर्ग येथील युरोपियन रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत जागा मिळाली. जागा एक, माणसे दोन. खोली लहान, मदतनीसही दोघांत मिळून. या अडचणीत त्यांनी जे काम हाती घेतले ते मात्र अवाढव्य होते. गर्भाच्या घडणीत भाग घेणारे शक्य तेवढे प्रत्येक जनुक शोधायचे, एकही सोडायचे नाही.

रीत अशी होती. नर चिलटांना साखरेच्या पाण्यातून एक रसायन पाजायचे. त्याने त्यांच्या जनुकांत कुठेतरी बदल होतो. कुठे, ते आपल्या हाती नसते. मग त्या नरांची संतती वेगवेगळ्या नळ्यांत वाढवायची, तिच्यातच पुढची जोडी लावायची आणि तिसऱ्या पिढीची अंडी तपासायची. हजारो कुळे, प्रत्येकाची वेगळी नळी, प्रत्येक नळीवर चिठ्ठी. ज्या अंड्यांतून अळी बाहेर पडलीच नाही, ती अंडी पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची.

त्यांचा सूक्ष्मदर्शक दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा जोड-नळीचा होता. समोरासमोर बसून दोघे एकच मेलेली अळी पाहत आणि काय बिघडले आहे यावर वाद घालत. दोघांचे एकमत झाल्याशिवाय नोंद पुढे जात नसे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. एकाने आकडा वाचायचा आणि दुसऱ्याने ताळा करायचा, ही रीत आम्हाला ठाऊक आहे. जगातले एवढे मोठे संशोधन याच साध्या रीतीवर उभे राहिले हे वाचून आम्हाला मनापासून बरे वाटले.

चिलटाच्या अळीच्या पोटाकडच्या बाजूस बारीक दातऱ्यांचे पट्टे असतात, छातीचे तीन आणि पोटाचे आठ. या पट्ट्यांवरून कोणता भाग गायब आहे ते ओळखता येते. बिघाड निघाले ते अस्ताव्यस्त नव्हते. त्यांचे तीनच ठरावीक प्रकार पडले. काही अळ्यांत लागोपाठचे कित्येक भाग सलग गायब होते. काहींत एक सोडून एक भाग नव्हता. काहींत भागांची संख्या बरोबर होती, पण प्रत्येक भागाचा अर्धा हिस्सा नाहीसा होऊन उरलेला अर्धा आरशातल्यासारखा उलटा पुन्हा आला होता.

यावरून निष्कर्ष निघाला की गर्भ एकदम घडत नाही. आधी मोठे विभाग पडतात, मग त्यांचे पोटविभाग, मग प्रत्येक पोटविभागात पुढचा-मागचा भेद. जिल्हा, तालुका, गाव असे म्हणा. आणि प्रत्येक पायरीला वेगळी जनुके कामाला लागतात. ऑक्टोबर १९८० मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात दोघांचा लेख आला. त्यात अशी १५ जनुके होती. १९८४ पर्यंत सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व गुणसूत्रे पिंजून काढली आणि ही संख्या सुमारे १२० वर गेली.

आईने ठेवलेली चिठ्ठी

आता पहिलाच प्रश्न राहिला. पहिले विभाग तरी कुणाच्या सांगण्यावरून पडतात? अंड्याच्या कोणत्या टोकाला डोके, हे कोण ठरवते?

क्रिस्टियानेबाई १९८१ साली ट्युबिंगेनला परतल्या आणि १९८५ साली तेथील मॅक्स प्लांक संस्थेत संचालक झाल्या. त्या काळी या संस्थांच्या संचालकांत स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ट्युबिंगेनमध्ये त्यांच्या गटाला 'बायकॉइड' नावाचे जनुक सापडले. या जनुकात बिघाड असलेली मादी स्वतः धडधाकट असते. पण तिच्या अंड्यांतील गर्भांना डोके नसते, छाती नसते. पुढच्या टोकालाही शेपटीचाच भाग तयार होतो. गर्भाचे स्वतःचे जनुक चांगले असले तरी उपयोग होत नाही. आईचे जनुक चांगले हवे.

कारण असे की मादी अंडे तयार करतानाच त्याच्या एका टोकाला या जनुकाचा निरोप, म्हणजे संदेशवाहक आरएनए, ठेवून देते. अंडे पडल्यावर त्या निरोपावरून प्रथिन तयार होऊ लागते आणि पाण्यात पडलेल्या शाईच्या थेंबासारखे पसरू लागते. थेंब पडला तिथे शाई दाट, दूर जावे तशी फिकी. जिथे प्रथिन दाट तिथे डोके, मध्यम तिथे छाती, आणि जवळजवळ नाहीच अशा मागच्या भागात पोट. वोल्फगांग ड्रिवर आणि क्रिस्टियानेबाई यांनी १९८८ साली हा उतरता थर प्रत्यक्ष दाखवला. त्याचे प्रमाण वाढवले तर डोक्याची जागा मागे सरकते, कमी केले तर पुढे सरकते, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवले.

माणसाच्या गर्भात बायकॉइड नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण पदार्थाच्या कमी-अधिक प्रमाणावरून पेशीला आपला ठिकाणा कळतो, हे तत्त्व मात्र माणसाच्या गर्भातही लागू आहे.

यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. डोके होणारी पेशी आणि पायाकडची पेशी यांच्यात जन्मजात फरक काहीच नसतो. दोघींजवळ तोच जनुकसंच असतो. कुणी कुठे बसले आणि कुणाला कोणता निरोप पोचला, एवढाच फरक. गर्भात डोके श्रेष्ठ आणि पाय कनिष्ठ असे काही नसते.

दोन सह्या आणि दोन हरकती

निरोप पोचल्यावर पुढे काय होते ते सांगितल्याशिवाय जनुकांचे नियमन कळणार नाही. जनुक म्हणजे कपाटातली फाईल समजा. सगळ्या कचेऱ्यांत फायली त्याच. पण प्रत्येक फाईल प्रत्येक टेबलावर उघडत नाही. जनुकाच्या आसपास डीएनएचे असे तुकडे असतात की ते स्वतः प्रथिन बनवत नाहीत. ते जनुक कधी, कुठे आणि किती चालू करायचे एवढेच ठरवतात. त्यांना आपण बटणे म्हणू.

'इव्हन-स्किप्ड' हे क्रिस्टियानेबाई आणि विशाउस यांच्या पहिल्या १५ जनुकांपैकी एक. ते चिलटाच्या गर्भात सात आडव्या पट्ट्यांत चालू होते. त्यातल्या दुसऱ्या पट्ट्याचे बटण अमेरिकेत मायकेल लेव्हिन यांच्या गटाने १९९० नंतरच्या काही वर्षांत तपासले. बायकॉइड आणि हंचबॅक ही दोन प्रथिने त्या बटणाला चालू हो म्हणतात. जायंट आणि क्रुपेल ही दोन प्रथिने नको म्हणतात. पहिल्या दोघांची सही आहे आणि दुसऱ्या दोघांची हरकत नाही, अशी जागा गर्भात एकच अरुंद पट्टी आहे. तिथेच जनुक चालू होते. सही राहिली तर पट्टा येत नाही, हरकत उठली नाही तर पट्टा पसरतो. देह घडतो तो अशा हजारो सह्यांवर आणि हरकतींवर.

चिलटापासून माणसापर्यंत

कुणी म्हणेल, चिलटाच्या अळीचे हे सगळे ठीक, माणसाचा काय संबंध? हीच शंका त्या वेळी अनेक शास्त्रज्ञांनाही होती. पण १९८४ साली बाझल आणि अमेरिकेतील इंडियाना येथे लुइस यांच्या जनुकांत १८० अक्षरांचा एक समान तुकडा सापडला आणि थोड्याच अवधीत तोच तुकडा बेडूक, उंदीर आणि माणूस यांच्यातही मिळाला. माणसात या घराण्याची ३९ जनुके आहेत आणि चिलटासारखीच तीही ओळीने मांडलेली आहेत. १९९५ साली गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने उंदराचे डोळा घडवणारे जनुक चिलटाच्या पायासारख्या भागात चालू केले, तर तिथे डोळा उगवला. तो डोळा उंदराचा नव्हता, चिलटाचाच होता. हुकूम एकच, अंमलबजावणी ज्याची त्याची.

पहिल्या १५ जनुकांतच 'हेजहॉग' नावाचे एक जनुक होते. ते बिघडले की अळी अंगभर काटे असलेल्या हेजहॉग या लहान प्राण्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. १९९३ साली त्याचे भाऊबंद कोंबडी, उंदीर आणि मासा यांच्यात सापडले. माणसात हे जनुक मेंदूचे दोन भाग पाडण्यात आणि हाताला अंगठा कोणत्या बाजूस, करंगळी कोणत्या बाजूस हे ठरवण्यात भाग घेते. मोठेपणी हीच साखळी नको तेव्हा चालू राहिली तर त्वचेचा एक प्रकारचा कर्करोग होतो. त्यावर या साखळीला अडवणारे औषध अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाले. चिलटाच्या अळीपासून औषधाच्या गोळीपर्यंत ३२ वर्षे लागली.

हाताच्या पंजात हे जनुक चालू करणारे बटण जनुकापासून जवळजवळ दहा लाख अक्षरे दूर आहे. २००३ साली असे दाखवले गेले की त्या बटणातले एक अक्षर बदलले तरी अंगठ्याच्या बाजूला जास्तीचे बोट येऊ शकते. जनुक शाबूत, बटणात फरक. सहा बोटांच्या मुलाला कुणी भाग्यवान म्हणते, कुणी अपशकुनी म्हणते. खरे कारण अनेकदा असे एका अक्षराचे असते.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतही हीच पद्धत वापरता यावी म्हणून क्रिस्टियानेबाईंनी पुढे झेब्रा मासा निवडला. हा बोटाएवढा पट्टेरी मासा मूळचा भारतीय उपखंडातील ओढ्या-नद्यांचा. त्याचा गर्भ पारदर्शक असतो आणि आईच्या अंगाबाहेर वाढतो, त्यामुळे हृदयाचा पहिला ठोकासुद्धा डोळ्यांनी पाहता येतो. ट्युबिंगेन आणि अमेरिकेतील बॉस्टन येथील गटांनी मिळून शेकडो प्रकारचे बिघाड शोधले. डिसेंबर १९९६ मध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकाचा अख्खा अंक त्यालाच वाहिलेला होता.

त्या गोळीची मुले

आता जर्मनीचीच एक दुःखद हकिकत. १ ऑक्टोबर १९५७ पासून तेथे थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी विकली जाऊ लागली. ती निर्धोक आहे अशी जाहिरात होती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळे. गरोदरपणातील मळमळीवरही ती दिली जाई. मग हात-पाय अगदी आखूड असलेली, कधी खांद्यालाच बोटे असलेली मुले जन्मू लागली. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी मातांना भेटून चौकशी केली आणि गोळीकडे बोट दाखवले. नोव्हेंबर १९६१ मध्ये गोळी बाजारातून काढली गेली. जगभरात बाधित मुलांची संख्या दहा हजारांच्या वर गेली असे मानले जाते. अमेरिकेत मात्र औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली आणि तेथील असंख्य बालके वाचली. एका बाईने सही केली नाही, एवढ्यावर हे घडले.

गर्भ राहिल्यानंतर साधारण तीन ते पाच आठवड्यांच्या काळात ती गोळी घेतली गेली की अपाय होई. म्हणजे हातापायांची मांडणी चालू असते नेमक्या त्याच दिवसांत. पण गोळी नेमके काय बिघडवते, हे कळायला अर्धशतक लागले. २०१० साली जपानी संशोधकांनी ती कोणत्या प्रथिनाला चिकटते ते शोधले. २०१८ साली कळले की तिच्यामुळे गर्भातील एसएएलएल-४ नावाचे नियामक प्रथिन नष्ट होते. आणि हे प्रथिन कोणत्या घराण्यातले? क्रिस्टियानेबाई, विशाउस आणि गेर्ड युर्गेन्स यांच्या त्या चिलटांच्या तपासणीत सापडलेल्या 'स्पाल्ट' या जनुकाच्या घराण्यातले! ज्या काही व्यक्तींमध्ये हेच जनुक जन्मतः बिघडलेले असते, त्यांचे हातही थॅलिडोमाइडच्या मुलांसारखे दिसतात.

ज्या मातांनी विश्वासाने ती गोळी घेतली होती, त्यांच्यापैकी कितीतरी जणींनी आयुष्यभर स्वतःला अपराधी मानले. खरे तर त्यांनी काहीही चुकीचे केले नव्हते. औषधाची नीट तपासणी न करता ते विकणाऱ्यांचा तो अपराध होता. आजही हे औषध कुष्ठरोगातील एका त्रासदायक प्रतिक्रियेवर आणि अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर दिले जाते. मात्र गर्भवतीने किंवा गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने त्याबाबत अत्यंत कडक दक्षता घ्यावी लागते.

मग दोष कुणाचा?

आपल्याकडे आजही ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईला कोंडून बसवतात. विळीला हात लावायचा नाही, काही चिरायचे नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो म्हणतात. बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास चेहऱ्याचे भाग जुळून तयार होतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाईने भाजी चिरली काय आणि न चिरली काय, ओठ केव्हाच घडून गेलेला असतो. त्या बाईला दिवसभर उपाशी बसवून मात्र खरा अपाय होऊ शकतो.

क्रिस्टियानेबाईंच्या नळ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. लपलेला बिघाड एकाच कुळातली जोडी लावली तेव्हा तिसऱ्या पिढीत उघड झाला. आई-बाप दोघेही धडधाकट होते; एकेक बिघडलेली प्रत दोघांकडे होती आणि पिल्लाच्या वाट्याला दोन्ही आल्या. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची चाल आपल्यात जुनी आहे. अशा जवळच्या नात्यात लपलेली तीच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. प्रत्येक वेळी असे होतेच असे नाही. पण मूल सदोष जन्मले की सासरचे सुनेला बोल लावतात, तेव्हा निम्मा वाटा आपल्या मुलाचा असतो हे त्यांनी लक्षात ठेवावे. सोयरीक ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही याचा विचार करावा.

जे आपल्या हातात आहे ते मात्र वेळेवर केले पाहिजे. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आसपास बंद होते. तेव्हा बाईला दिवस गेल्याचे नुकते कुठे कळत असते. फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून घेतली तर ही नळी उघडी राहण्याचा धोका बराच कमी होतो, हे ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ मधील चाचणीने सिद्ध केले. म्हणून मूल हवे असे ठरले की आधीच आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दिवस गेल्यावर कुणी शेजारणीने दिली म्हणून कोणतीही गोळी घेऊ नये.

धुण्याभांड्यांचे पैसे

शेवटी क्रिस्टियानेबाईंच्या आणखी एका कामाविषयी. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. पण आपल्या प्रयोगशाळेतील हुशार मुली बाळंतपणानंतर मागे पडतात, संशोधन सोडून देतात, हे त्यांनी जवळून पाहिले. म्हणून २००४ साली त्यांनी आपल्या नावाचा एक न्यास स्थापन केला. लहान मुले असलेल्या तरुण महिला शास्त्रज्ञांना हा न्यास दरमहा पैसे देतो. कशासाठी? घरकामाला बाई ठेवण्यासाठी, मूल सांभाळायला कुणी ठेवण्यासाठी, स्वयंपाक-धुणीभांडी यांतून त्यांचा वेळ मोकळा व्हावा यासाठी. महागड्या यंत्रासाठी पैसे देणारे पुष्कळ असतात. बाईच्या वेळेची किंमत ओळखणारी ही एक नोबेल विजेती.

आमच्या ओळखीच्या अनेक घरांत दहावी-बारावीला विज्ञानात चांगले गुण मिळवणाऱ्या मुली आहेत. परीक्षा जवळ आली तरी त्यांच्या वाटची भांडी सुटत नाहीत. भावाच्या हातात पुस्तक आणि तिच्या हातात झाडू, हे चित्र अजून पुरते पुसलेले नाही. अशा घरातील आई-वडिलांना आमची विनंती आहे. तिचा रोजचा दोन तासांचा वेळ मोकळा करा. भांडी भाऊही घासू शकतो. आणि संध्याकाळी केळ्यांवरची चिलटे हाकलताना घरातल्या मुलांना हायडेलबर्गच्या त्या दोन शास्त्रज्ञांची गोष्ट जरूर सांगा.